साप म्हणजे अंडं नव्हे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात एका मोठ्या बोआने आपली घोंगडी गिळली. थंडी बाधू नये म्हणून सापांच्या पेट्यांत लोकरीच्या घोंगड्या टाकायची तिथे पद्धत होती. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. एकदा तोंडात गेलेली वस्तू बाहेर ढकलणं त्याला जड जातं. घोंगडी अख्खी पोटात गेली आणि काही आठवड्यांनी त्याने ती ओकून टाकली. त्या काळच्या निसर्गवर्णनांत ही नवलाची हकिगत म्हणून आली आणि पुढेही तशीच सांगितली गेली. मला मात्र त्याहून जास्त विचार करण्याजोगी वाटते ती घोंगडी तिथे असणं. घोंगडी ऊब निर्माण करत नाही. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. आपण घोंगडी पांघरतो तेव्हा ती गरम होते ती आपल्याच अंगातल्या भट्टीने. सापाच्या अंगात ती भट्टी नाही. गारठलेल्या सापाला घोंगडीत गुंडाळलं तर तो गारठलेलाच राहतो, आणि शेजारी शेगडी पेटलेली असली तर तिची धग त्याच्यापर्यंत पोचायला उलट उशीरच होतो. सांभाळणाऱ्यांनी मनापासून काळजी केली होती, पण काळजी करताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपलं स्वतःचं शरीर होतं.

आज पाळीव सापाच्या काचपेटीसाठी हीट मॅट, बल्ब किंवा थर्मोस्टॅट घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती अंशांवर लावायचं?’ हा. प्रश्न अगदी स्वाभाविक वाटतो, कारण थर्मोस्टॅटच्या चकतीवर एकच आकडा लावता येतो. पण या प्रश्नात एक जुनी समजूत दडलेली आहे. सापाला ऊब द्यायची साधनं दोन ठिकाणांहून आली: अंडी उबवायच्या यंत्रांतून, आणि उष्ण देशांतली झाडं युरोपच्या थंडीत जगवणाऱ्या काचघरांतून. दोन्हीकडे ऊब घेणारा जीव जागचा हलत नाही. अंडं उठून सावलीला जात नाही, ताडाचं झाड उन्हं कलली म्हणून पलीकडे सरकत नाही. साप मात्र दिवसभर हेच करत असतो. माझं म्हणणं असं आहे की पिंजऱ्यातल्या सापाच्या उबेचा सगळा इतिहास म्हणजे त्याला अंडं समजण्यापासून साप समजण्यापर्यंतचा प्रवास आहे. आणि पेटी कशी लावायची हा आजचा रोजचा प्रश्नसुद्धा या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय नीट सुटत नाही.

यंत्राची सुरुवात सतराव्या शतकात होते. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला असलेला डच कारागीर कॉर्नेलिस ड्रेबेल याने आपोआप आच कमी-जास्त करणारी भट्टी बनवली आणि ती अंडी उबवायला वापरली. अल्कोहोल भरलेला काचेचा फुगा गरम झाला की आतला द्रव फुगायचा, तो पाऱ्याला ढकलायचा, पारा एका दांडीला उचलायचा आणि दांडी धुराड्याची वाट झाकायची. आच मंदावली की पारा खाली, झाकण उघडं. पाखरू नसलेलं पाखराचं पोट म्हणावं अशी ही युक्ती होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बोनमेंने गरम पाणी नळ्यांतून फिरवून, दोन धातूंच्या वेगवेगळ्या प्रसरणावर चालणारा नियंत्रक जोडून, कोंबड्यांची पिल्लं काढली. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ म्हटलं. या ग्रीक शब्दजोडीचा अर्थच उष्णतेला एका जागी थांबवणारा असा होतो. उपकरणाचं कसब थांबवण्यात आहे, आणि खुडूक कोंबडी ज्या अंड्यांवर बसते त्यांना नेमकं तेच हवं असतं: दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, तीच एक ऊब.

काचघरांची परंपरा याच काळात भरात आली. लंडनच्या क्यू उद्यानातलं ताडवृक्षांचं प्रचंड काचघर १८४८ मध्ये पुरं झालं. त्यात उष्ण कटिबंधातलं अख्खं रान एका छपराखाली, एका हवेत उभं होतं. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्याच शहरात रीजंट्स पार्कमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास घर उघडलं. जगातलं ते अशा प्रकारचं पहिलं. झाडांना जी युक्ती मानवली तीच सापांना लावावी हे त्या काळात सगळ्यांना सरळ वाटलं असणार. पुढची कित्येक दशकं सापघर म्हणजे उबदार, कोंदट दालन अशीच कल्पना राहिली: सगळ्या पेट्यांत जवळपास सारखी हवा, बाहेर उभ्या माणसालाही घाम फुटेल अशी. वाळवंटातला साप आणि पाणथळीतला साप एकाच उकाड्यात. लिनियसपासून चालत आलेल्या वर्गीकरणाने सापाला ‘थंड अंगाचा’ ठरवलं होतं, आणि या शब्दाने मोठं नुकसान केलं. जो जीव स्वभावतःच थंड, त्याला ऊब द्यायची ती मरू नये इतपत. ती कुठे, किती आणि कधी हवी हे त्याला विचारायचं काही कारणच उरत नाही.

पण ते विचारायला हवं होतं, कारण सापाच्या शरीरातली प्रत्येक क्रिया उबेवर तोललेली असते. उंदीर गिळलेला साप शेकायला जागा शोधतो. शेकायला मिळालं नाही तर पोटातली पाचक द्रव्यं मंदावतात, पण उंदराच्या आतड्यातले जंतू थांबत नाहीत. भक्ष्य पचण्याआधी कुजतं आणि साप ते ओकतो. थंड आणि ओलसर पेटीत राहिलेल्या सापाच्या श्वासात घरघर येते, नाकातोंडातून फेस येतो, तोंडाच्या कडा सडतात. दुसऱ्या टोकाला, सतत तापलेल्या पेटीत तो आतून कोरडा पडतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. म्हणजे ‘उबदार दालन’ ही कल्पना एका बाजूने अपुरी आणि दुसऱ्या बाजूने जाचक होती, आणि एकाच दालनातले वेगवेगळे साप दोन्ही तऱ्हांनी त्रास भोगत होते.

एकोणिसाव्या शतकातच एक गोष्ट अशी घडली जिच्यामुळे ‘थंड अंगाचा’ हा शब्द मोडीत निघायला हवा होता. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने भारतातून परतल्यावर सांगितलं की अजगराची मादी आपल्या अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना ऊब देते. पॅरिसच्या विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. थंड अंगाचा प्राणी दुसऱ्याला ऊब कुठून देणार? पण १८४१ च्या मे आणि जून महिन्यांत पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक अजगर मादी अंड्यांवर बसली, आणि आशील व्हॅलेन्सिएनने वेटोळ्यांच्या मधोमध तापमापक घालून दाखवलं की तिथली ऊब भोवतालच्या हवेपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. १८६२ मध्ये लंडनमध्येही अंड्यांवर बसलेल्या आफ्रिकी अजगराच्या मादीचं आणि तिच्या नराचं तापमान मोजलं गेलं. मादी जास्त उबदार निघाली. घोंगडीचा ज्याला थोडाफार उपयोग झाला असता असा बहुधा हाच एक साप. तरीही या नोंदी अपवाद म्हणून बाजूला राहिल्या. सापघरातल्या नळ्या आणि शेगड्या होत्या तशाच चालू राहिल्या, कारण अजगर मादीने विद्वानांना चकित केलं असलं तरी पेटी कशी बांधायची हे तिने सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं एका बाईने, आणि सिद्धांत मांडून नव्हे तर घर बांधून. जोन बोशाँप प्रॉक्टर लहानपणापासून साप-सरडे पाळायची; शाळेत गणिताच्या तासाला ती मगरीचं पिल्लू घेऊन गेली होती. जन्मभर तिची प्रकृती नाजूक राहिली. १९२३ मध्ये ती लंडन प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली, आणि तिच्या आराखड्यावर उभं राहिलेलं, एडवर्ड गाय डॉबर या वास्तुकाराने बांधलेलं नवं सापघर १९२७ मध्ये उघडलं. त्यात तिने तीन गोष्टी केल्या. पहिली, प्रेक्षकांचं दालन अंधारं ठेवून उजेड पेट्यांत ठेवला, मत्स्यालयात असतो तसा. दुसरी, सूर्यप्रकाशातले अतिनील किरण अडवून न धरणारी व्हिटा काच वापरली. आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची: विजेच्या साधनांनी ऊब दालनाला न देता जागेला दिली. एका पेटीतली ऊब दुसरीपेक्षा वेगळी, आणि एकाच पेटीत इथे ऊन तर तिथे गारवा. प्रॉक्टर १९३१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली. तिने सांभाळलेला कोमोडो ड्रॅगन हा घोरपडसदृश महाकाय प्राणी तिच्यामागून पाळीव कुत्र्यासारखा फिरायचा, हीच तिची आठवण लोकांत जास्त टिकली. पण सापाच्या पेटीत एक कोपरा उबदार आणि दुसरा थंड असला पाहिजे हे आज जो कोणी मानतो तो, माहीत असो वा नसो, तिच्या घरात राहतो. अंड्याच्या यंत्राला पहिला तडा तिथे गेला.

तिने केलं ते बरोबर का होतं याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून आलं. वाळवंटातल्या सापांना आणि सरड्यांना उन्हाची काही मर्यादाच नसते, जितकं ऊन तितकं त्यांना सुख, असा सर्वसाधारण समज होता. वॉल्टर मोझावरने १९३६ मध्ये दाखवलं की वाळवंटात जन्मलेला सापसुद्धा भर उन्हातल्या वाळूवर अडकवून ठेवला तर काही मिनिटांत मरतो. मग रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कोचेला खोऱ्यात प्राण्यांची शरीराची तापमानं सातत्याने मोजली आणि १९४४ मध्ये आपला प्रबंध छापला. त्यात दिसलं ते असं: हे प्राणी जागे आणि हालते असताना आपल्या अंगाचं तापमान फार अरुंद पट्ट्यात राखतात, आणि ते राखतात जागा बदलून. सकाळी ऊन खायचं, अंग आडवं पसरून जास्त ऊन घ्यायचं, मग सावली, मग वाळूखाली, संध्याकाळी पुन्हा तापलेल्या दगडावर. त्यांना हवी असलेली ऊब आणि त्यांना मारणारी ऊब यांत काही अंशांचंच अंतर असतं. म्हणून ही ये-जा म्हणजे त्यांचं जगणंच. काउल्सने पुढे ‘थंड रक्ताचे’ या शब्दाऐवजी ऊब बाहेरून घेणारे अशा अर्थाची संज्ञा रूढ केली. शब्द बदलल्याने दृष्टी बदलली. भट्टी अंगाबाहेर आहे, पण नियंत्रक अंगातच आहे. तो पायांनी, किंवा सापाच्या बाबतीत पोटाच्या खवल्यांनी, चालतो.

यानंतरच्या दोन अभ्यासांनी मला स्वतःला जास्त पटवलं, कारण त्यांनी प्राण्याची निवड किती बारीक असते ते दाखवलं. १९७० च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जंतूंचा संसर्ग करून पाहिलं, तेव्हा ते सरडे एरवीपेक्षा जास्त उबदार जागी जाऊन बसू लागले. म्हणजे त्यांनी स्वतःला ताप आणला. वेगवेगळ्या गटांना ३४ ते ४२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत कोंडलं, तेव्हा जितकी ऊब जास्त तितके संसर्ग झालेले सरडे जास्त जगले. सरड्याचं हे उदाहरण सापाला जसंच्या तसं लावू नये, हे खरं. पण पेटीत एकच तापमान असेल तर आजारी जीवाकडून औषधाची एक वाट काढून घेतली जाते, एवढं त्यातून दिसतं. दुसरा अभ्यास थेट सापांचा. रेमंड ह्यूई आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ईगल लेकजवळच्या गार्टर सापांच्या पोटात छोटे रेडिओ बसवून ते कोणत्या दगडाखाली शिरतात ते पाहिलं. पातळ दगड दुपारी जीवघेणे तापतात आणि रात्री साफ गारठतात. फार जाड दगड दिवसभर गारच. मधल्या जाडीच्या, साधारण २० ते ४० सेंटिमीटरच्या, दगडाखाली मात्र साप वर-खाली, आत-बाहेर थोडं सरकून आपल्याला हवी ती ऊब तासन्‌तास मिळवू शकतो. साप नेमके तेच दगड निवडत होते. एका सापाने दगडाच्या जाडीवरून आपला दिवस ठरवावा! हा प्राणी पेटीत आणून त्याच्यासाठी एक आकडा ठरवणं म्हणजे त्याच्याकडून त्याचं सगळ्यांत मोठं कौशल्य काढून घेणं आहे.

घरगुती पेटीचा इतिहास मात्र या ज्ञानाच्या मागून, रखडत आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि युरोपात साप पाळणं वाढलं, तेव्हा लोकांनी हाताशी असेल ते वापरलं: थंडीत पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून गुंडाळायची तापपट्टी, साधे बल्ब, पेटीखाली अंथरायच्या विजेच्या चटया. मग दुकानांत ‘हॉट रॉक’ आला, म्हणजे आत विजेची तार घातलेला खोटा दगड. दिसायला तो ईगल लेकच्या दगडासारखा, पण कामात अगदी उलटा. खोली थंड असते, पेटीत दुसरीकडे कुठेच ऊब नसते, म्हणून साप त्या एकाच तापलेल्या दगडाला पोट चिकटवून पडून राहतो. पोटाचे खवले भाजतात, तरी बाकीचं अंग गारच असल्यामुळे तो हलत नाही. पाळणाऱ्याच्या लक्षात येतं तेव्हा पोटाखाली तपकिरी, पाणी सुटलेले चट्टे पडलेले असतात.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. साप इतका शहाणा निवडक असेल तर हॉट रॉकवर तो स्वतःला भाजून का घेतो? मग निवड त्याच्यावर सोपवायचीच कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर हॉट रॉकच्या रचनेतच आहे. जिथे एकच तापलेली जागा आणि बाकी सगळा गारठा, तिथे निवड नाहीच. आहे ती सक्ती. शिवाय सापाची जाण लाखो वर्षांच्या उन्हात घडलेली आहे. वरून येणारी, हळूहळू चढणारी, दुपारनंतर उतरणारी ऊब तिला कळते. खालून अविरत जळणारी विजेची तार तिच्या अनुभवात कधी नव्हतीच. म्हणून थर्मोस्टॅट लागतोच, आणि त्याशिवाय कोणतंही ऊब देणारं साधन सापाच्या पेटीत लावू नये असं मी ठामपणे म्हणेन. फक्त त्याचं काम बदललं पाहिजे. अंड्याच्या यंत्रात तो ‘इतकीच ऊब’ म्हणतो; सापाच्या पेटीत त्याने ‘याच्या वर नाही’ एवढंच म्हणायचं. तो एका टोकाच्या सर्वांत उष्ण जागेवर मर्यादा घालणारा पहारेकरी आहे. उरलेल्या पेटीचा उतार, म्हणजे उबदार टोकापासून गार टोकापर्यंतची घसरण, ही जागेच्या लांबीने, आडोशांनी आणि हवेने घडवायची असते. बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकी अजगरासाठी सर्वांत उबदार जागा ३१ ते ३३ अंश आणि गार टोक २४ ते २६ अंश, आणि दोन्हीकडे लपायला एकेक आडोसा, अशी मांडणी आज बहुतेक जाणकार सांगतात. आडोसा एकाच टोकाला ठेवला तर साप लपणं आणि ऊब यांत एकाची निवड करतो, आणि बहुधा लपणंच निवडतो.

उपकरण निवडतानाही हाच विचार उपयोगी पडतो. साधा चालू-बंद थर्मोस्टॅट ठरलेल्या आकड्याच्या थोडा वर गेल्यावर तोडतो आणि थोडा खाली आल्यावर जोडतो. चटई किंवा तापपट्टीला तो चालतो, पण बल्ब त्याने सतत लुकलुकतो आणि लवकर जातो. बल्बसाठी उजेड हळूहळू मंद-तेज करणारा, आणि उजेड न देणाऱ्या सिरॅमिक साधनासाठी ठोक्याठोक्याने वीज सोडणारा थर्मोस्टॅट योग्य. पण यंत्र कितीही चांगलं असो, सगळा भरवसा तापमान टिपणाऱ्या त्याच्या प्रोबवर असतो. नखाएवढं ते टोक जिथे असेल तिथलीच ऊब थर्मोस्टॅटला कळते. रात्री साप फिरताना त्याच्या अंगाचा धक्का लागून प्रोब चटईवरून सुटतो आणि पेटीच्या गार हवेत लोंबकळत राहतो, किंवा पाण्याच्या भांड्याजवळ जाऊन पडतो. थर्मोस्टॅटला वाटतं थंडी पडली. तो चटईला पूर्ण जोराने तापवत राहतो, आणि आकडा दाखवणारी पट्टी सकाळपर्यंत शांतपणे त्या गार हवेचाच आकडा दाखवत असते. म्हणून प्रोब घट्ट चिकटवायचा, त्याच्याशिवाय वेगळा तापमापक साप जिथे प्रत्यक्ष अंग टेकतो तिथे ठेवायचा, आणि बल्बला सापाचं अंग कधीही टेकणार नाही अशी जाळी लावायची. चटईवर भुसा किंवा माती जाड टाकली तर खालची ऊब अडकते आणि काच तडकू शकते, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक आक्षेप पैदास करणाऱ्यांचा. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्कने पाळीव बॉल पायथनच्या पोटी पहिली पांढरी-पिवळी अल्बिनो पिल्लं काढली आणि रंगांच्या नवनव्या जातींचा मोठा धंदा उभा राहिला. हा धंदा ओळीने रचलेल्या प्लास्टिकच्या खणांत चालतो. उतार नाही, खडक नाही, तरी साप खातात, वाढतात, अंडी घालतात. शिवाय घाना, टोगो, बेनिनच्या रानात हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो, जिथे हवा स्थिरच असते. मग एवढी धडपड कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करताना मला संकोच नाही. वाळवंटी सापाला जितका मोठा उतार लागतो तितका बॉल पायथनला लागत नाही. पण त्या खणांकडे नीट पाहिलं तर तापपट्टी मागच्या भिंतीलगतच लावलेली असते. मागे ऊब, पुढे गारवा, आणि साप त्यात मागे-पुढे होत राहतो. धंद्याने स्वतःच्या फायद्यासाठी ज्या गोष्टी सोडल्या त्यांत उतार नव्हता. आणि वारुळाचं म्हणाल तर ते वारूळ सापाने निवडलेलं असतं. रात्री तो बाहेर पडतो, नको वाटलं तर दुसऱ्या बिळात जातो. बेनिनच्या विदा शहरात देवळातले अजगर रात्री गावात फिरतात आणि लोक त्यांना अदबीने परत आणून ठेवतात. जागेची निवड ही त्या सापाच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि ती निवड पेटीत आणणं आपल्या हातात आहे.

आपल्याकडे आक्षेप वेगळाच असतो: इथे ऊब द्यायची गरजच काय? भारतीय साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा प्रश्न उरतो तो परदेशी सापांचा. परदेशी जातींपैकी वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत असलेल्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली, आणि बॉल पायथन त्यातच येतो. पुण्याची डिसेंबरातली पहाट दहा अंशांच्या आसपास येते तेव्हा त्याला ऊब लागते, यात शंका नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ड्रेबेलपासून चालत आलेल्या यंत्राचा खरा अपुरेपणा दिसतो: थर्मोस्टॅटला ऊब थांबवता येते, गारवा आणता येत नाही. इथल्या लोकांना गारवा द्यायचा कसा हे मात्र फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी धरलेले नाग न्यायालयाने बंदी घालण्याआधी मडक्यांत ठेवत. चेन्नईजवळच्या वडनेम्मेलीत १९७८ मध्ये सुरू झालेल्या, साप पकडणाऱ्या इरुळ जमातीच्या सहकारी संस्थेत विष काढण्यासाठी आणलेले नाग, घोणस, मण्यार, फुरसं आजही वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून, खोलगट आणि झाकलेल्या जागेत काही आठवडे राहतात. मडक्याच्या अंगातून ओल झिरपते आणि उडून जाताना ऊब घेऊन जाते, माठात पाणी गार होतं तसं. बत्तीस शिराळ्याच्या प्रथेची मला बाजू घ्यायची नाही. धरलेल्या नागांचे त्यात हाल होत. पण सापाचं शरीर मडक्याला जितकं कळलं होतं तितकं रीजंट्स पार्कच्या घोंगडीला कळलं नव्हतं. मे महिन्यात पेटीच्या गार टोकाला ओलसर मातीचं अर्धं फुटकं मडकं उपडं घालून ठेवणारा माणूस याच परंपरेतलं काम करतो.

यंत्र जिथून आलं तिथे परत जाण्याची एकच जागा उरते, आणि ती म्हणजे सापाची अंडी. बॉल पायथनची अंडी मादीपासून काढून घेतली की त्यांना खरंच एक आकडा हवा असतो: ३१-३२ अंश, स्थिर, ओलसर, जवळजवळ दोन महिने. तिथे ड्रेबेलचा पारा आणि यूरची धातुपट्टी यांचे वंशज अगदी योग्य ठिकाणी असतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर यांनी अंड्यांवर बसलेल्या अजगर मादीचं तापमान आणि तिने घेतलेला प्राणवायू मोजून पॅरिसच्या १८४१ च्या नोंदीचा उलगडा केला. हवा ३३ अंशांच्या खाली गेली की तिच्या अंगभर स्नायूंचे झटके सुरू होत, बाहेरून डोळ्यांना दिसतील असे; हवा जितकी गार तितके झटके जास्त, आणि तिची ऊब हवेच्या वर चढत राही. महिनोन्‌महिने जागा बदलून जगणारा हा प्राणी त्या थोड्या आठवड्यांत जागचा हलत नाही. अंडी हलू शकत नाहीत म्हणून तीही हलत नाही, आणि ऊब आणायला जाता येत नाही म्हणून ती अंगातच पेटवते.